मद्यदेवतेची नावे : वाचकांचे काही प्रश्न

प्रश्न : ग्रीकांचा डायोनिसस आणि रोमनांचा बॅकस ही जोडी शाळेपासून पाठ आहे. ती बरोबर आहे का?

उत्तर : सोयीची आहे, पण बरोबर नाही. ‘बॅकस’ ज्यावरून आले ते ‘बाक्खोस’ हे नावही मूळचे ग्रीकच आहे. इ. स. पू. पाचव्या शतकात सोफोक्लीजच्या नाटकातले वृंदगायक याच नावाने देवाला साद घालतात, आणि त्याच्या उपासनेत बेभान झालेल्या भक्तालाही हाच शब्द लावला जाई. रोमनांनी तो उसना घेतला. त्यांचा स्वतःचा जुना देव ‘लीबेर’ होता व १७ मार्चला त्याचा सण असे, तर शेजारचे एट्रुस्कन लोक आपल्या मद्यदेवतेला ‘फुफ्लुन्स’ म्हणत. उसन्या नावाचे लॅटिनमधले जुने लेखन इ. स. पू. १८६ मध्ये रोमच्या सेनेटने बॅकसच्या पंथावर घातलेल्या निर्बंधांच्या ठरावात सापडते. तो ठराव कोरलेला कांस्यपट १६४० मध्ये दक्षिण इटलीत मिळाला आणि आज व्हिएन्नात आहे. या देवाच्या उपासनास्थळासाठी पुढच्या काळात दोन ‘सी’ व एक ‘एच’ घालून लिहिला जाणारा शब्द तिथे एकाच ‘सी’ने, ‘बाकानाल’ असा कोरला आहे.

प्रश्न : मराठीत ‘डायोनिसस’ लिहावे की ‘दिओनिसोस’?

उत्तर : ‘डायोनिसस’ हे इंग्रजी वळण रूढ झाले आहे, सामान्य लेखनात ते राहू द्यावे. मूळ ग्रीक ग्रंथांची चर्चा असेल तर ‘दिओनिसोस’ बरे, मात्र ‘डायोनिसोस’ हे धेडगुजरी रूप टाळावे. अथेन्सच्या उच्चारात तिसरा स्वर दीर्घ होता आणि तो ‘ई’ व ‘ऊ’ यांच्या मधला असल्याने देवनागरीत नेमका उतरत नाही. खुद्द ग्रीकांतही एकवाक्यता नव्हतीच : लेस्बोस बेटावरच्या आल्कायोस या कवीने हेच नाव ‘झोन्नुस्सोस’ असे योजले आहे.

प्रश्न : हे नाव संस्कृत ‘देवनहुष’वरून आले, असे वाचले. खरे काय?

उत्तर : नाही, पण संस्कृतशी नाते अजिबात नाही असेही नव्हे. नावाचा पूर्वार्ध बहुतेक अभ्यासक झ्यूस या ग्रीक देवराजाच्या नावाच्या षष्ठीच्या रूपाशी जोडतात. ते रूप जुन्या ग्रीकमध्ये ‘दिवोस्’ होते आणि वैदिक ‘दिवः’ त्याचे सख्खे भावंड आहे. मायसिनी काळातल्या (इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातल्या) ग्रीकच्या लिनिअर बी लिपीचा उलगडा मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये केल्यावर ग्रीसमधल्या पायलोसच्या मातीच्या पाट्यांवर ‘दि-वो-नु-सो’ अशी अक्षरे वाचता आली. हा देव ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसमधून उशिरा आलेला परका, असे तोवर अनेक विद्वान मानत असत. त्या समजाला या चार अक्षरांनी धक्का दिला. क्रीटमधल्या खानिया येथील पाटीवर तर झ्यूसला मधाचा एक आणि या देवाला दोन रांजण अर्पण केल्याची नोंद आहे. मद्याच्या देवाला मध!

खरी अडचण उत्तरार्धाची आहे. ‘न्युसोस’ म्हणजे थ्रेसच्या भाषेत ‘पुत्र’, अशी एक उपपत्ती आहे. न्युसा या पर्वताचे नाव त्यात आहे, अशी दुसरी. आणि नोन्नोस कवीच्या मते तो सिराक्यूजच्या बोलीतला ‘लंगडा’ या अर्थाचा शब्द आहे, कारण पुराणकथेत बाळ दिओनिसोसला मांडीत शिवून घेतल्यावर त्याचा पिता झ्यूस लंगडत चालला. यातले काहीही सिद्ध झालेले नाही. ‘पुत्र’वाल्यांनी थ्रेसची भाषा का गाठली, हे मात्र समजण्यासारखे आहे. वारशाने आलेला दोन स्वरांमधला ‘स’ ग्रीकमध्ये टिकत नाही : संस्कृत ‘स्नुषा’, जिची मराठीत ‘सून’ झाली, ती ग्रीकमध्ये ‘नुओस’ झाली. ‘न्युसोस’मध्ये मात्र ‘स’ शाबूत आहे, म्हणून तो भाग बहुधा दुसऱ्या भाषेतून आलेला असावा. ‘नहुष’मधला ‘ह’ कुठे गेला आणि ‘दे’चा ‘दि’ कसा झाला, याचेही उत्तर ‘देवनहुष’वाल्यांकडे नाही.

प्रश्न : गोव्यातल्या ‘डेनिस’ या नावाचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर : आहे. ‘दिओनिसिओस’ म्हणजे दिओनिसोसचा. हे नाव पुढे ख्रिस्ती संतांनी धारण केले, पॅरिसच्या संत देनींमुळे ते युरोपभर पसरले, आणि १२७९ ते १३२५ या काळात राज्य करणारा पोर्तुगालचा राजा दिनिश याचे नावही तेच आहे.