ट्रेनरच्या नोकरीला होकार देण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एका दुकानांच्या साखळीत असिस्टंट स्टोअर मॅनेजर आणि एका रेस्टॉरंटच्या साखळीत ट्रेनिंग मॅनेजर, अशी दोन बोलावणी आली आहेत आणि यांतलं मोठं पद कोणतं, असं तू विचारलं आहेस. पदांच्या नावांवर फार जाऊ नकोस. एका कंपनीतला ट्रेनिंग मॅनेजर दहा शाखांची माणसं घडवतो, तर दुसरीकडे त्याच नावाचा माणूस नुसती हजेरीपत्रकं गोळा करत बसतो. रोज तुझ्या हातून काय काम होणार आहे, ते बघ.

या धंद्यात माणसं भराभर येतात आणि भराभर सोडून जातात. जाणाऱ्याबद्दल "त्याला काम झेपलं नाही" असं म्हणून सगळे मोकळे होतात. ते मला कधीच पटलेलं नाही. पुष्कळदा त्याला पहिल्याच दिवशी ऐन गर्दीत काउंटरवर उभं केलेलं असतं आणि "बाजूच्याचं बघून शिक" एवढंच सांगितलेलं असतं. बाजूच्याला मान वर करायची फुरसत नसते. समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं, बिल अडकलेलं, आणि विचारायचं कोणाला ते माहीत नाही. अशा चार पाळ्या काढल्या की माणसाचं मन उडतं.

म्हणून मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचार: नवा माणूस पहिल्या आठवड्यात रोस्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यात, कसा धरता? पूर्ण हात म्हणून, म्हणजे जुन्या माणसाइतकं काम करणारा, की जादाचा म्हणून? आणि त्याला शिकवणाऱ्या जुन्या माणसाचं काम त्या दिवसांत हलकं करता का? पूर्ण हात म्हणून धरत असतील, तर तिथलं ट्रेनिंग फक्त कागदावर आहे, असं समज. मग कितीही देखणी पुस्तिका दाखवोत.

शिकवायचं कसं, ही गोष्ट काही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांची रीघ लागली, तेव्हा १९४० मध्ये तिथल्या सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम सुरू केला. त्यातली चार पायऱ्यांची रीत आजही काउंटरवर आणि स्वयंपाकघरात तितकीच लागू पडते. आधी माणसाला निर्धास्त कर आणि त्याला काय येतं ते विचार. मग काम करून दाखव, एकेका टप्प्यावर महत्त्वाचं काय आणि का, ते सांगत. मग त्याच्याकडून करून घे, आणि हात चालू असताना कारणं त्याच्याच तोंडून वदवून घे. शेवटी त्याला एकट्याला सोड, पण अडलं तर कोणाकडे जायचं ते सांगून ठेव आणि स्वतः अधूनमधून फेरी मार. समोरचा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही, अशी त्या कार्यक्रमाची शिकवण होती. मला ती शंभर टक्के मान्य आहे. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या पायरीवरच सगळं थांबतं: दाखवलं, सही घेतली, झालं.

आता एक गोष्ट जवळून बघ. चिलरच्या, म्हणजे पदार्थ थंड ठेवायच्या मोठ्या फ्रीजच्या, दारावर तापमानाचा तक्ता लावलेला असतो. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या खाली आणि गरम पदार्थ ६० च्या वर ठेवायचे, कारण मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. तक्त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत ४, ४, ४, ४ असं लिहिलेलं दिसेल. एकाच पेनाने, एकाच हाताने. म्हणजे पाळी संपताना कोणीतरी एका बैठकीत सगळे रकाने भरलेत. हे दिसलं की वरून फर्मान येतं: पुन्हा ट्रेनिंग घ्या.

थांब. आधी विचारपूस कर. त्याला थर्मामीटर लावता येत नाही का? की येतं, पण गर्दीत त्याच्या जागी उभं राहायला दुसरं कोणी नाही? की थर्मामीटरची बॅटरी संपून महिना झालाय आणि सांगूनही कोणी आणून दिलेली नाही? यांतलं पहिलं कारण असेल तरच ते शिकवण्याचं काम आहे. दुसरं रोस्टरचं, तिसरं मॅनेजरचं. हा फरक ओळखून वरच्यांना स्पष्ट सांगता येणं, यालाच मी या नोकरीतलं खरं कौशल्य मानतो. दुकानातही तेच: जुना माल पुढे, नवा मागे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण माल ऐन गर्दीत उतरला की हाताला येईल तो पुढे लागतो.

वर्ग संपल्यावर अभिप्रायाचा कागद भरून घेतील. "छान वाटलं" या शेऱ्यांवर खूश होऊ नकोस. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजण्याच्या चार पातळ्या मांडल्या: माणसाला ते कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर तसं वागतो का, आणि धंद्याला काय फरक पडला. बहुतेक ठिकाणी पहिलीच मोजतात, कारण ती स्वस्त पडते. तू तिसरीसाठी हट्ट धर. त्यासाठी शिकवून झाल्यावर काही दिवसांनी न सांगता शाखेत जावं लागतं, तेही गर्दीच्या वेळी.

पण तिथे तुझं ऐकणार कोण? रोस्टर स्टोअर मॅनेजरच्या हातात असतं, तुझ्या नाही. चुकलेली बिलं, वाया गेलेला माल, परत आलेल्या तक्रारी या भाषेत बोलशील, तरच तो तुझ्यासाठी माणूस मोकळा करेल. त्या भाषेला वजन येतं ते स्वतः पाळ्या काढल्यावर. शाखा उघडणं, रात्री रोकड जुळवणं, दोन माणसं अचानक न आलेल्या दिवशी पाळी निभावणं, हे तू अजून केलेलं नाहीस. त्यामुळे मला विचारशील तर आधी स्टोअरची नोकरी घे. ट्रेनिंगकडे नंतर वळता येतं. शाखेत न राबलेल्या ट्रेनरला मात्र जुनी माणसं पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात आणि मग नुसती मान डोलावतात.

तरीही रेस्टॉरंटकडेच ओढा असेल तर मी आडवा येणार नाही. फक्त होकार कळवण्याआधी दोन्ही कंपन्यांच्या एकेका शाखेत गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक म्हणून जाऊन ये. नवा माणूस हेरून ठेव. तो अडला की कोणाकडे बघतो आणि तो दुसरा काय करतो, हे नीट पाहा. काय दिसलं ते सविस्तर लिही, मग पगाराचं बोलू.