पहिला विनोदी लेखसंग्रह काढताना

पहिल्या संग्रहासाठी तुमचे पंचवीस लेख तयार आहेत, हे उत्तम. पण सगळे घेऊ नका. हजार-अकराशे शब्दांचे सोळा पुरेत. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात साधारण 96 पानं, म्हणजे सोळा पानी सहा फॉर्म (एकत्र छापले जाणारे पानांचे गठ्ठे) होतात.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- नेमकेपणा. ‘शहरात पूर आला’ यात हसू नाही. नाशिकला गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, तिच्यावरून लोक पूर मोजतात) कुठवर आलं, गुडघ्यापर्यंत की छातीपर्यंत, यावर पुलावर छत्री धरून वाद घालणारे दोघे दाखवा. त्यांचं बोलणं जसंच्या तसं ठेवा. नाशिककर ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतो, तिथे ‘गोदावरी’ घालून ते शुद्ध करू नका. नवखे लेखक हमखास इथेच चुकतात, आणि माणूस कागदी होतो.
- शेवट. हशा पिकला की थांबा. विनोद समजावणारं पुढचं वाक्य बिनधास्त कापा.
- उद्गारचिन्हं काढा.

ट्रॅफिक, मिसळ, सोसायटीची मीटिंग यांवर प्रत्येकी एकच लेख. सदरातले लेख असतील तर शिळे झालेले संदर्भ गाळा. मग प्रत्येक लेख मोठ्यानं वाचा. जीभ अडखळते तिथे वाक्य लांबलंय. सगळ्यात दमदार लेख पहिला ठेवा, दुसऱ्या क्रमांकाचा शेवटी. प्रस्तावनेचं नंतर बघू.