हळदीला आई मागे का?

लेकीच्या लग्नाला सव्वा महिना उरला असताना सुमनताई माझ्याकडे आल्या. (नाव आणि घरचे तपशील बदलले आहेत.) सांगली जिल्ह्यातलं गाव, तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेला, शिवणकामावर दोन मुलांना शिकवलेलं. लेकीने घरात ठणकावून सांगितलं होतं, "पहिली हळद आई लावणार. नाहीतर मी पाटावर बसणार नाही." आणि तेव्हापासून आईची झोप उडाली होती.

"लोक काय म्हणतील वो मॅडम? सवाष्णींचं काम ते. मी पुढं गेले तर भर मांडवात कुणीतरी बोलणारच."

ही काळजी घेऊन माझ्याकडे अनेकजणी येतात. कुणाला टिकली लावायची असते, कुणाला हळदीकुंकवाला जायचं असतं, कुणाला मुलाच्या मुंजीत आईचा मान हवा असतो. सुरुवातीच्या वर्षांत मी म्हणायचे, "लोकांचा विचार करू नका." आता म्हणत नाही. ज्यांच्या घरून वेळेला वाटीभर साखर आणायची, ज्यांनी मयताला खांदा दिला, त्यांचा विचार करू नका म्हणणं सोपं नाही आणि बरोबरही नाही.

म्हणून सुमनताईंना कागद दिला आणि म्हटलं, "लोक म्हणजे कोण, त्यांची नावं लिहा." चौदा नावं झाली. मग विचारलं, यातलं कोण रागावलं तर तुमचं रोजचं जगणं अडेल? त्यांनी एकेक नाव खोडलं. चार उरली: सासूबाई, थोरल्या जाऊबाई, नवऱ्याचे मामा आणि होणारी विहीणबाई. आपण स्वतःला ज्यांच्या नजरेने तोलतो, त्यांना समाजशास्त्रात संदर्भ समूह म्हणतात. तो नेहमी 'लोकां'पेक्षा फार लहान असतो. भीती मात्र अख्ख्या गावाएवढी वाटते.

या चौघांपैकी कुणाला कधी विचारलंय का? "विचारायचं काय त्यात? माहीतच आहे की."

दुसऱ्या भेटीत त्यांनी खरी गोष्ट सांगितली. लोकांचं नाव पुढे होतं, मागे वेगळीच भीती होती. "मी हळद लावली आणि पोरीच्या संसाराला काय झालं तर? मग मीच कारण ना?" हे बोलताना त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

इथे मला थोडं समाजशास्त्र मांडावं लागलं, कारण नुसता धीर देऊन ही भीती हलत नाही. विल्यम ग्रॅहम समनर या अमेरिकी अभ्यासकाने १९०६ मध्ये समाजाच्या नियमांत एक फरक दाखवला. काही नियम साध्या लोकरीती असतात. पाहुण्याला आधी पाणी द्यावं, ही लोकरीत. ती चुकली तर लोक नाक मुरडतात आणि विसरतात. काही नियमांना मात्र समाजाने आपलं बरंवाईट, पाप-पुण्य बांधलेलं असतं. त्या लोकनीती. त्या मोडल्या तर काहीतरी भयंकर घडेल असं मोडणाऱ्यालाही आतून वाटतं, कारण नियम लहानपणीच अंगात मुरलेला असतो. त्याला बाहेरचा पहारेकरी लागत नाही. सुमनताईंचे हात पदराखाली गेले ते त्यामुळे.

लोकनीतीही बदलतात, पण कायदा झाला की लगेच नाही. विधवा पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली १८५६ मध्ये. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हाही त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकलाच. आज कुणाला विधवेचं केशवपन धर्म वाटतो का? आणि अगदी आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठरावच केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. मला त्या ठरावात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की कुणा एकीला एकटीने नियम मोडावा लागला नाही. गाव एकत्र बसलं आणि बोललं.

सुमनताईंनाही मी तेच सुचवलं. मांडवात धाडस करू नका, आधी घरात बोला.

त्या थोरल्या जाऊबाईंपासून सुरू झाल्या. जाऊबाई म्हणाल्या, "मला तर वाटतंच तू लावावीस. पण आत्यांना चालायचं नाही म्हणून गप्प होते." आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "मी कशाला नको म्हणू? पण तुझी जाऊ जुन्या वळणाची, तिला खपायचं नाही." दोघी एकाच घरात, एकमेकींच्या धाकाने गप्प! नियम मनातून कुणालाच पटत नसतो, पण बाकी सगळ्यांना पटतो अशी प्रत्येकाची समजूत असते. अशा गैरसमजावर एखादी प्रथा कितीतरी वर्षं टिकून राहते. विहीणबाईंनी एवढंच विचारलं, "हळद किती वाजता आहे?"

मामांनी मात्र स्पष्ट नकार दिला. त्यांचा राग खरा होता आणि मी सुमनताईंना तो किरकोळ म्हणून सांगितला नाही. ते येणार नाहीत, कदाचित पुढेही बोलणार नाहीत, हे धरून ठरवा, असं सांगितलं. त्यांनी दोन दिवस घेतले. मग लेकीला "बरं" म्हणाल्या.

हळदीला जाऊबाईंनी ताट धरलं आणि आईने पहिली हळद लावली. मामा आले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. त्याचं सुमनताईंना वाईट वाटतं, आणि वाटणारच.

लग्नानंतर तीन आठवड्यांनी रात्री त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. लेक तापाने फणफणली होती. "मॅडम, माझ्यामुळं तर नाही ना?"

मी विचारलं, गावात आणखी कुणाला ताप आहे का? थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "आमच्या आळीत तीन घरांत हाय. तिच्या सासरीबी दीर पडलाय." पुन्हा थांबल्या. "मी लांबच राहावं म्हणत होते. म्हटलं, माझी सावली नको." मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, सकाळची पहिली एसटी किती वाजता सुटते ते मला माहीत आहे का. तांदळाची पेज करून डबा घेऊन जायचं होतं त्यांना.