रविवारी अटॅक आला तर सोमवारपर्यंत थांबावं का?

तुम्ही लिहिलंय की शनिवारी रात्री वडिलांच्या छातीत जड झालं, पण सुट्टीच्या दिवशी मोठे डॉक्टर नसतात, मृत्यूही जास्त होतात असं कुठेतरी वाचल्यामुळे सोमवारी सकाळी नेलं. वडील सुखरूप आहेत हे वाचून खरंच बरं वाटलं. पण पुन्हा असं थांबू नका. मी 19 वर्षं आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर म्हणून काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या हार्ट अटॅकच्या 2 लाख 31 हजार रुग्णांच्या नोंदी तपासून 2007 मध्ये एक अभ्यास छापला गेला. त्यातल्या 1999 ते 2002 या काळात शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांपैकी 12.9 टक्के लोक महिन्याभरात गेले, इतर दिवशी दाखल झालेल्यांपैकी 12 टक्के. म्हणजे शंभरात साधारण एकाचा फरक. सुट्टीच्या दिवशी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी), अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) कमी होत होत्या, आणि तो भाग हिशेबात धरल्यावर वाराचा फरक जवळजवळ उरलाच नाही. दोष वाराचा नव्हता, उपचार न मिळण्याचा होता. आणि घरी बसून सोमवारची वाट पाहणाऱ्याला तर दोन दिवस कुठलाच उपचार मिळत नाही.

आता दुसरा हिशेब बघा. 1996 साली रुग्णांवरच्या 22 चाचण्या एकत्र करून, रक्तवाहिनीतली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा फायदा मोजला. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात ते मिळालं तर हजार रुग्णांमागे सुमारे 65 जीव जास्त वाचले. दुसऱ्या तासात 37, आणि त्यानंतर तिशीच्याही खाली. रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मरायला लागतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. पुढे जिना चढताना लागणारी धाप बऱ्याचदा त्या गमावलेल्या तासांची असते.

भारतातल्या 20 हजारांवर रुग्णांचा क्रिएट नावाचा अभ्यास 2008 मध्ये आला. दुखणं सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला साधारण 360 मिनिटं, म्हणजे सहा तास, आणि पोचल्यावर गुठळीचं इंजेक्शन मिळायला 50 मिनिटं लागत होती. वाचलं तेव्हा मला आमच्या वॉर्डात पहाटे आणलेले एक शेतकरी आठवले. रात्री दहाला दुखायला लागलं. आधी ओवा, मग सोडा, मग बाम चोळणं. मग "थोरला पुण्याहून निघालाय, तो आला की ठरवू." थोरला आला तेव्हा साडेचार वाजले होते. बाबा वाचले, पण पुन्हा शेतात उभे राहू शकले नाहीत. त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. चूक त्याची नव्हती, घरात कुणाला माहीतच नव्हतं.

जवळ कॅथलॅब (अँजिओप्लास्टी होते ती जागा) नसेल तरी अडून राहू नका. दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून तिथेच इंजेक्शन देतात आणि मग मोठ्या ठिकाणी हलवतात. ही रीत मान्य आहे, दुय्यम उपचार म्हणून नाक मुरडू नका. ईसीजी पोचल्यापासून दहा मिनिटांत व्हायला हवा. केसपेपर, डिपॉझिट यात वेळ जात असेल तर "छातीत दुखतंय, आधी ईसीजी काढा" असं मोठ्याने सांगा.

तुमच्या वडिलांना मधुमेह आहे, म्हणून जास्त सांभाळा. अशांना कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता दरदरून घाम, धाप, उलटीसारखं वाटणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं, एवढंच असतं. असं झालं तर 108 ला फोन करा, त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायची का, हे फोनवरच विचारा. आणि एक काम आजच करा. तुमच्या भागात रात्री आणि रविवारी कॅथलॅब कुठे चालू असते ते फोन करून विचारा, तो नंबर फ्रिजवर चिकटवा, आणि आईला तोंडपाठ करायला लावा, कारण त्या वेळी घरात बहुतेक त्याच असतील.