भाषांतर झालं, म्हणजे प्रश्नावली तयार झाली का?

प्रश्न : माझी लेक म्हापशाच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते. अरबी बोलणाऱ्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी सजगतेची प्रश्नावली प्रमाणित करतात, असं ती सांगते. नीट भाषांतर केलं की पुरत नाही का? – एक आई, म्हापसा

उत्तर : नाही पुरत, ताई. सजगता म्हणजे आत्ता मनात-शरीरात जे चाललंय त्याकडे, चांगलं-वाईट न ठरवता, लक्ष असणं. ती मोजणारी, मानसशास्त्रज्ञ रूथ बेअर आणि सहकाऱ्यांची 2006 ची प्रश्नावलीच घ्या. 39 विधानं, पाच पैलू : निरीक्षण, शब्दांत मांडणं, भान ठेवून वागणं, मनातल्या विचार-भावनांना चांगलं-वाईट न ठरवणं, लगेच प्रतिक्रिया न देणं. अरबीत आणल्यावर ती भरपूर विद्यार्थ्यांकडून भरून घ्यायची आणि घटक विश्लेषण, म्हणजे कोणती उत्तरं एकमेकांसोबत जातात याचं गणित, करून पाहायचं, की उत्तरं त्याच पाच गटांत पडतात का.

खरी अडचण निरीक्षणाची. आंघोळ करताना अंगावरच्या पाण्याचा स्पर्श जाणवतो का, असं एक विधान त्यात आहे. ध्यान करणाऱ्यांत हा पैलू बाकीच्या चार पैलूंशी जुळतो. ध्यान न करणाऱ्यांत मूळ अभ्यासातच तो नीट बसला नव्हता. मला यात नवल वाटत नाही. परीक्षेच्या धास्तीतल्या मुलालाही छातीतली धडधड बारकाईने जाणवतेच की! ती सजगता नव्हे. म्हणून याच मुलांची चिंता वेगळ्या चाचणीने मोजून दोन्ही गुण ताडून पाहतात. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा देऊन गुण टिकतात का, हेही बघतात.

लेकीला सांगा, इथल्या मुलांना मराठीत किंवा कोंकणीत ती द्यायची असेल, तर ही सगळी तपासणी इथेच, नव्याने करावी लागेल. अरबी अभ्यासाचे आकडे म्हापशात चालणार नाहीत. तिने हे काम हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.