बारावीनंतर लाकडी खेळण्यांचा धंदा : ऐरोलीच्या एका आईला उत्तर

पत्र : माझी मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. माझं माहेर सावंतवाडीचं. भाऊ चितारआळीत लाकडी खेळणी करतो : फळं-भाज्या, भातुकली, पाळण्यावरचं चिमणाळं. दोन वर्षं मे महिन्यात मामाकडे राहून ती रंगकाम शिकली आणि आता म्हणते, कॉलेज नको, मी हाच धंदा ठाण्या-नवी मुंबईत वाढवते. तिचे बाबा म्हणतात, मामाचा स्वतःचा मुलगा हे सोडून गोव्यात हॉटेलात नोकरीला लागला, मग हिने कशाला शिरायचं? मागच्या दिवाळीत आम्ही सोसायटीत चाळीस नग विकले. त्यातले नऊ तडे गेले म्हणून परत आले. काय करावं? (एक आई, ऐरोली)

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटी आली आहे : चाळिसातले नऊ परत आले. कॉलेज की धंदा हा वाद जरा बाजूला ठेवून आधी त्या नऊ नगांकडे बघू. मुलीला या धंद्यात नेमकं काय शिकावं लागेल, ते तिथेच दिसतं.

दिवाळीत विकलेला माल बहुधा श्रावण-भाद्रपदात घडला असणार. कोकणात त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते आणि अशा हवेत ठेवलेलं लाकूड १८ ते २० टक्के ओलाव्यावर येऊन थांबतं. हाताला ते कोरडंच लागतं, लेथवर छान कातलं जातं, रंगही धरतं. पण तेच खेळणं एसी चालणाऱ्या खोलीत गेलं, जिथे आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असते, की लाकूड ९ टक्क्यांकडे उतरू लागतं. उतरताना ते आकसतं. लांबीला जवळजवळ नाही, आडव्या अंगाला बरंच, आणि वर्षकड्यांच्या दिशेने सगळ्यात जास्त. अख्खी गोल फांदी कातून आंबा किंवा वांगं केलं असेल तर गाभा मध्येच राहतो, ताण सुटायला जागा मिळत नाही आणि बाहेरून गाभ्यापर्यंत एक सरळ चीर पडते.

परत आलेला एखादा नग घरात असेल तर बुडाचा रंग नखाएवढा खरवडून बघा. वर्षकड्यांचा मध्यबिंदू तिथेच दिसला आणि चीर त्याच्याकडेच जात असली, तर दोष रंगाचा नाही, कारागिराच्या हाताचाही नाही. लाकूड ओलं होतं आणि गाभा काढला नव्हता.

यावर उपाय महाग नाही, पण त्याला वेळ लागतो आणि पैसा अडकतो. ओंडका उभा चिरून गाभा वेगळा काढायचा. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावायचा, कारण टोकांतून पाणी सगळ्यात लवकर जातं आणि तिथूनच तडा सुरू होतो. जमिनीपासून फूटभर उंचीवर, छपराखाली, दर दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचायची. दोन इंची तुकड्याला एक पूर्ण हिवाळा-उन्हाळा द्यावा. म्हणजे लाकडाची खरेदी डिसेंबर-जानेवारीत, आणि त्या लाकडाचे पैसे सुटणार दिवाळीत. छोट्या कारागिराला दहा महिने पैसे अडकवणं परवडत नाही, म्हणून तो मिळेल तसं लाकूड कातायला घेतो. तडे जाण्यामागचं खरं कारण हे आहे.

ओलावा मोजायला सुया टोचून आकडा दाखवणारा मीटर मिळतो. तो नसला तरी वजनकाटा आणि ओव्हनवर काम भागतं. थप्पीच्या मधल्या तुकड्याचा मधला भाग कापायचा, वजन करायचं, साधारण १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवायचा आणि पुन्हा तोलायचा. ५८ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅमवर थांबला, तर ८ भागिले ५०, म्हणजे १६ टक्के. हे लाकूड अजून कातायचं नाही. १० ते १२ टक्के आले की घ्यायचं. घडलेला माल पावसाळ्यात पत्र्याच्या कपाटात एक बल्ब आणि छोटा पंखा लावून ठेवला, तरी तो पुन्हा ओलावा धरत नाही.

ही खेळणी बहुधा आंब्याच्या लाकडाची असतात, आणि त्या लाकडाचं आणखी एक दुखणं म्हणजे पोखरणारा भुंगा. गिऱ्हाइकाच्या शोकेसमध्ये पिठासारखी भुकटी पडू लागली की ते घर पुन्हा लाकडाची वस्तू घेत नाही. लाकूड बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवतात, त्याने कीड थांबते. पण युरोपात माल पाठवायचा विचार असेल तर तिथल्या खेळण्यांच्या मानकात बोरॉनवरही मर्यादा आहे. त्यापेक्षा भट्टीत वाळवलेलं लाकूड बरं. गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता अर्धा तास पोचली की किडे-अंडी मरतात. आणि लाकूड सॉ मिलमधून बिलावरच घ्यावं. आंबा हा महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतला वृक्ष आहे. कुणाच्या परसातलं झाड तोडून स्वस्तात मिळालं, तरी परवानगीची अडचण उद्या तुमच्याच दारात येईल.

रंगांचं थोडक्यात सांगते, पण इथे सवलत नको. पूर्वी चिंचोक्याची खळ आणि खडू यांचा अस्तर देऊन वर रंग चढवत. आता बाजारातला इनॅमल वापरतात. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. औद्योगिक वापराचे रंग त्या नियमात येत नाहीत. चकचकीत पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग सुट्या डब्यात स्वस्त मिळत असेल, तर त्यात शिसं असण्याचा धोका सर्वाधिक. मूल भाजी तोंडात घालणार हे धरूनच चालायचं. शिसं मर्यादेत असल्याचा उल्लेख डब्यावर नसेल तर तो घेऊ नये. कातलेल्या खेळण्यांना लाखेचा पर्याय चांगला. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते आणि केवड्याच्या पानाने तुकतुकीत होते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांचं काम असंच चालतं. फक्त लाखेला गरम पाणी आणि सॅनिटायझर चालत नाही, पांढरे डाग पडतात. ती सूचना खोक्यावर हवी.

आता पैशांकडे येऊ. मामांना विचारा, चिमणाळं कितीला देता आणि त्यात स्वतःची मजुरी किती धरता. बहुतेक घरांत ती धरलेलीच नसते. लाकूड आणि रंगाच्या दुप्पट म्हणजे भाव. हिशेब असा मांडून बघा. समजा लाकूड ७० रुपये, रंग-दोरा ३०, दोन तासांची मजुरी तासाला १०० प्रमाणे २००, वीज-भाडं-घसारा २५, खोका ३५. झाले ३६०. दहा टक्के वाया जाणार, म्हणून सुमारे ४००. त्यावर १५ टक्के नफा, ४६०. ठाण्यातला दुकानदार विक्रीच्या किमतीत ४० टक्के ठेवत असेल, तर छापील किंमत ४६० भागिले ०.६, म्हणजे ७७० च्या जवळ. हेच चिमणाळं आज साडेतीनशेला जात असेल, तर विकणारा दर नगामागे स्वतःच्या मजुरीतून पैसे देतो आहे. मामांच्या मुलाने गोव्याची नोकरी धरली, ती लाकडाला कंटाळून असं मला वाटत नाही. त्याच्या दोन तासांना घरात भाव नव्हता. तुमच्या यजमानांची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर या आकड्यांतच शोधायला हवं.

ऑनलाइन विकायचं म्हटलं की पार्सलचा हिशेब येतो. कुरिअरवाले पुष्कळदा आकारमानाचं वजन लावतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. बांधलेलं चिमणाळं ३० × २५ × २० च्या खोक्यात गेलं, तर खरं वजन ६०० ग्रॅम असूनही भाडं ३ किलोचं. कडी वेगळी, चिमण्या सपाट, दोरे आधीच मापाने कापून गाठ मारलेले, आणि जोडायचं चित्र सोबत, असं केलं तर २५ × २० × ८ च्या खोक्यात बसतं. आकारमानाचं वजन ८०० ग्रॅमवर येतं. या एका बदलाने धंदा ठाण्याबाहेर जाऊ शकतो, आणि त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही. मुलीचं डोकं अशा जागी चालायला हवं.

कायद्याचा भाग तिने आताच समजून घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक निर्देशनाच्या (जीआय टॅगच्या) अधिकृत वापरकर्त्यांना यातून सूट आहे, पण ती त्यांनी स्वतः बनवून स्वतः विकलेल्या मालाला. मामांचा माल घेऊन ती आपल्या ब्रँडखाली विकू लागली, तर ही सूट तिच्यापर्यंत पोचते असं धरून चालू नये. ती खरंच रंगकाम करते, तेव्हा तिने स्वतःचं कारागीर ओळखपत्र काढावं आणि कोणाचं काम, कोणाचं बिल हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट ठेवावं. मामांनी पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. १८ व्यवसायांत पारंपरिक खेळणी बनवणारे आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. लाकडात दहा महिने अडकणारा पैसा यातून सुटू शकतो.

चिन्हातून सूट मिळाली म्हणून सुरक्षिततेतून सूट मिळत नाही. आयएस ९८७३ या खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या भारतीय मानकात सुट्या भागांची साधी चाचणी आहे : ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जो भाग पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी साधारण तेवढीच. भातुकलीतली वाटी, गाडीच्या चाकाची खुंटी, चिमणीची ओढून निघालेली चोच त्या डबीत पूर्ण मावते का, हे घरी तपासता येतं. आणि चिमणाळ्यावर लिहा : बाळ हाता-गुडघ्यांवर उठू लागलं की काढून ठेवा.

बाजाराबद्दल माझं मत ठाम आहे. सावंतवाडीची लाकडी फळं बहुतेक घरांत शोकेसची वस्तू म्हणून जातात. एकदा घेतली की दहा वर्षं पुन्हा घ्यावी लागत नाहीत. मोती तलावाकाठी फिरायला येणाऱ्यावर ती विक्री उभी आहे आणि पावसाळ्यात ती आटते. ठाणे-नवी मुंबईत मात्र बारसं आणि उष्टावण बाराही महिने असतात. बारशाला काय न्यायचं हा प्रश्न प्रत्येक आत्या-मावशीला पडतो, आणि ७७० रुपये त्या भेटीला जास्त वाटत नाहीत. शिवाय ज्या घरात बारसं, तिथे दोन वर्षांनी ओढायची गाडी आणि चार वर्षांनी भातुकली लागते. गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि बाळाचा महिना वहीत असेल तर ती विक्री पुन्हा होते. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये स्टॉल लावणं चांगलं, पण तिथे किती नग गेले यापेक्षा कोणत्या नगाला लोकांनी हात लावून परत ठेवलं, हे टिपून ठेवावं.

आता शिक्षण. मामांच्या शेजारी बसून रंगवणारे हात सावंतवाडीत आहेत. नाही ती लाकूड तोलणारी, हिशेब मांडणारी, खोका आखणारी आणि मानक वाचणारी व्यक्ती. त्या कामासाठी कॉमर्स वाया जात नाही, कॉस्टिंग हा त्यातलाच विषय आहे. म्हणून कॉलेज सोडायला माझा विरोध आहे. बीकॉमला प्रवेश घ्यावा, जवळचं कॉलेज निवडावं, येण्या-जाण्यात वेळ जाऊ नये.

तिचा हात डिझाइनकडे वळत असेल तर आणखी एक दार उघडं आहे. यूसीईईडी ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या मुलांना देता येते आणि यंदा बारावी झालेल्यांना पुढच्या जानेवारीत संधी असते. फॉर्म साधारण ऑक्टोबरात निघतात. आयआयटी मुंबईचं डिझाइन शिकवणारं आयडीसी पवईला आहे, ऐरोलीचा पूल ओलांडला की पलीकडे. खारघरला निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे. खास खेळणी-रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आहे, तो पदवीनंतरचा विचार. लाकूडकाम यंत्रावर नीट शिकायचं तर बंगळूरच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत प्रशिक्षण मिळतं, सुट्टीत जमू शकतं.

बाबांना तिने एक वर्ष मागावं, कॉलेज चालू ठेवून. पुढच्या मेपर्यंत एकच वस्तू, चिमणाळं. शंभर नग, पूर्ण किमतीला, स्वतःची आणि मामांची मजुरी धरून. तड्यांमुळे परत आलेले शंभरात तीनपेक्षा जास्त नकोत. हे जमलं तर दुसऱ्या वर्षी दुसरी वस्तू घ्यावी. विक्री झाली पण मजुरी सुटली नाही, तर किंमत किंवा रचना चुकली, तिथे दुरुस्ती होऊ शकते. लोकांनी ७७० द्यायला नकार दिला आणि ती साडेतीनशेवर उतरली, तर थांबावं आणि पदवी पुरी करावी. वही बाबांनी दर महिन्याला बघावी, त्यांच्या शंकेला तीच जागा योग्य आहे.

गणपतीला तुम्ही सावंतवाडीला जालच. जाताना तिने छोटा वजनकाटा बरोबर न्यावा आणि मामांच्या थप्पीतले दहा तुकडे तोलून, ओव्हनमध्ये वाळवून, आकडे लिहून आणावेत. १२ टक्क्यांच्या वरचं लाकूड यंदाच्या दिवाळीला वापरू नये, मग नग वीसच झाले तरी चालतील.