वाचक विचारतात : विणकराच्या आधीचे हात

प्रश्न : हातमागाचे म्हणून घेतलेले कापड खरोखर हाताने विणलेले आहे का, हे कसे ओळखावे? विणीतला कमीजास्तपणा हाच त्याचा पुरावा, असे मला सांगण्यात आले आहे.

उत्तर : तो पुरावा कृपया मानू नये. विणकर एकसारख्या विणीसाठीच वर्षानुवर्षे हात बसवत असतो, आणि गाठाळ सूत वापरून यंत्रावर खडबडीत दिसणारे कापड काढणे मुळीच अवघड नाही. दोषालाच कारागिरीची खूण ठरवले, तर निर्दोष विणणाऱ्यावर अन्याय होतो.

आधी कापडाची कड पाहावी. धोट्याने, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाने, विणताना बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा कडेपर्यंत जाऊन तसाच परत वळतो, त्यामुळे कड बंद राहते. नव्या, बिनधोट्याच्या यंत्रमागावर तो फेरीफेरीला तोडला जातो, म्हणून कडेला तुटक्या टोकांची झालर उरते किंवा ती टोके आत दुमडलेली आढळतात. मात्र जुन्या यंत्रमागांतही धोटा असतो. म्हणजे तुटक्या कडेवरून हातमाग नाही एवढे म्हणता येते, पण बंद कडेवरून तो आहे असे ठरत नाही.

कापडावर नक्षी असेल, तर उलटी बाजू अधिक बोलकी असते. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरता पुढे-मागे फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकून परततो, त्यामुळे पाठीमागे लोंबणारे धागे नसतात. काश्मीरची काणी शाल आणि चीनमधले ‘कस्स’ नावाचे रेशमी कापड यांच्यामागेही हेच तत्त्व आहे. ढाक्याच्या जामदानी या बुट्टीदार कापडात मूळ बाण्याबरोबर बुट्टीचा जास्तीचा धागा हाताने, बुट्टीपुरताच घातला जातो. यंत्रावरच्या नकलेत तोच धागा बहुधा एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत पाठीमागून ओढत नेलेला किंवा मागाहून कातरलेला असतो. इकतमध्ये रंग विणण्याआधीच सुतात गेलेला असतो, म्हणून तो दोन्ही बाजूंना सारखा दिसतो आणि आकृतीची किनार किंचित पसरलेली वाटते. छापील नकलेची उलटी बाजू बहुतेक वेळा फिकी असते.

प्रश्न : एक मीटर कापडाला एवढा वेळ का लागतो? माग चालवणे शिकायलाच फार कठीण असते का?

उत्तर : माग चालवण्याचे मूळ कौशल्य काही आठवड्यांत हाताला येऊ शकते. वेळ जातो तो दुसरीकडे, आणि हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक मीटर पन्ह्याचे साधे कापड घ्या, ज्यात दर सेंटीमीटरला २० उभे आणि २० आडवे धागे आहेत. त्याच्या ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांच्या संचात, २,००० धागे आले. ते सगळे सारख्या लांबीचे, सारख्या ताणाचे आणि आपला क्रम न सोडणारे असावे लागतात. शिवाय प्रत्येक धागा, त्याला वरखाली करणाऱ्या दोरीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या, म्हणजे विणलेला धागा ठोकून बसवणाऱ्या कंगव्यासारख्या चौकटीच्या, फटीतून ओवावा लागतो. हे सारे झाल्यावर विणकर मागावर बसतो, आणि एका मीटरसाठी २,००० वेळा पायाने ताणा उघडतो, धोटा टाकतो, फणी ओढून धागा ठोकतो. कामाचा एवढाच भाग छायाचित्रांत दिसतो.

त्याच्याही आधी सूत धुणे, रंगवणे, उकलणे, ताणा लावणे, त्याला खळ (सूत मजबूत करणारी पेज) देणे आणि धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरणे ही कामे झालेली असतात. खळ देण्याचे काम वरवर किरकोळ वाटते, पण सुती ताण्याचे भवितव्य त्यावर ठरते. फणी प्रत्येक धाग्यावर हजारो वेळा घासते. खळ कमी पडली तर सूत पिंजून तुटते, जास्त झाली तर ताठ होऊन मोडते, आणि हवेत ओल किती आहे हे पाहून तिचे प्रमाण बदलावे लागते. ढाक्याच्या मलमलीसाठी सूत कातणाऱ्या स्त्रिया सकाळच्या दमट हवेत कातत असत, कारण कोरड्या हवेत इतका बारीक तंतू टिकत नसे. त्या मलमलीची कीर्ती जगभर गेली, पण कातणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

१७३३ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन के याने दोरीच्या हिसक्याने पळणारा धोटा काढला, तेव्हा रुंद कापडासाठी लागणारा दुसरा माणूस नको झाला आणि विणण्याचा वेग वाढला. पण त्याबरोबर सुताचा तुटवडा पडू लागला. मुळातच एका विणकराला पुरेल एवढे सूत कातायला अनेक हात लागत होते, ते कोणाच्या हिशेबात नव्हते. सूतकताईची यंत्रे त्यानंतर आली, ती याच अडचणीतून.

आजही मजुरी बहुधा नगावर आणि एकाच विणकराच्या नावाने ठरते. कांड्या भरणारी, ताणा लावणारी, तुटलेले धागे सांधणारी माणसे बहुतेक त्याच घरातली असतात आणि त्यांच्या कामाचा वेगळा मोबदला क्वचितच मिळतो. भारतातल्या २०१९-२०च्या हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख कामगार नोंदले गेले. त्यांपैकी साधारण साडेआठ लाख विणण्याव्यतिरिक्तची कामे करणारे होते, आणि एकूण कामगारांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. तरीही ‘विणकर’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मागावर बसलेला एकटा पुरुष उभा राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : जॅकार्ड लावलेल्या मागावरचे कापड हातमागाचे म्हणावे का?

उत्तर : धोटा आणि फणी हाताने चालत असतील, तर निःसंशय म्हणावे. १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने सिद्ध केलेले हे साधन, कोणते उभे धागे उचलायचे एवढेच छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून ठरवते. त्यापूर्वी तेच काम मागाजवळ बसून दोऱ्या ओढणारा मदतनीस करत असे, आणि तो बहुतेकदा लहान मुलगा असे. ती मेहनत संपली, हे चांगलेच झाले.

प्रश्न : नावाला कायद्याचे संरक्षण मिळाल्याने कारागिरांचा फायदा होतो का?

उत्तर : होतो, पण कायद्यात काय लिहिले आहे त्यावर तो अवलंबून असतो. स्कॉटलंडच्या हॅरिस ट्वीड या लोकरी कापडासाठी १९९३ साली ब्रिटिश संसदेने खास कायदा केला. त्यानुसार लोकर आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली व कातलेली हवी, आणि कापड तिथल्या रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेले हवे. रंगवणे व कातणे गिरणीत होते, हे तिथे कोणी लपवत नाही. विणणे मात्र घरातून हलवता येत नाही, त्यामुळे ते काम बेटांवरच राहिले. भौगोलिक मानांकनाने नावाचा आणि प्रदेशाचा संबंध जपला जातो, पण मजुरी किती असावी हे त्यातून ठरत नाही. युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१३ साली जामदानीचा समावेश झाला, तो सन्मान मोठाच आहे, तरी तोही मजुरीच्या वहीपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

म्हणून खरेदी करताना शिक्का जरूर पाहावा, आणि त्याबरोबर विक्रेत्याला आणखी दोन प्रश्न विचारावेत : हा ताणा कोणी लावला, आणि त्याची मजुरी वेगळी दिली का? पहिल्याच भेटीत उत्तर मिळेल असे नाही, पण हाच प्रश्न अनेकांनी विचारला, तर विक्रेत्याला तो पुढे कारागिराच्या घरी न्यावाच लागेल.